नैराश्याच्या गोळ्या आणि बिघडलेले पोट: पहिले सहा आठवडे कसे काढावेत

नैराश्यावरचे औषध सुरू केलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात मन हलके झाल्याचे क्वचितच जाणवते. जाणवते ते पोट. गोळी घेतल्यावर तासाभरात पोटात कालवायला लागते, समोरचे ताट नकोसे होते, कोणाला दिवसातून चार वेळा शौचास पळावे लागते, तर कोणाचे तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही. आधीच खचलेल्या माणसाला हे आणखी एक दुखणे मागे लागल्यासारखे वाटते, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी गोळ्यांची पट्टी कपाटात मागे सरकवली जाते. डॉक्टरांना ते पुढच्या भेटीत कळते, किंवा कळतच नाही. हा लेख त्या दहाव्या-बाराव्या दिवसासाठी लिहिला आहे.

सगळ्या त्रासाचे मूळ वेळेच्या एका गैरसोयीत आहे. पोटावरचा परिणाम पहिल्या एक-दोन डोसांतच सुरू होतो. मनावरचा परिणाम दिसू लागायला साधारण २ ते ४ आठवडे आणि पुरेपूर दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात. मळमळ आणि पातळ शौच यांचा जोर बहुतेकांमध्ये पहिल्या १ ते ३ आठवड्यांत ओसरतो. म्हणजे जो काळ सर्वांत वाईट, त्याच काळात औषधाच्या बाजूने बोलणारा कोणताही पुरावा रुग्णाच्या हाती नसतो. हे आधी ठाऊक असले, तर तोच त्रास बऱ्यापैकी सुसह्य होतो, असा माझा स्वतःचा अनुभव आहे.

मनाच्या औषधाचा पोटाशी संबंध काय

सेरोटोनिन हे पेशींमध्ये निरोप पोहोचवणारे द्रव्य. त्याचे नाव आपण मेंदूशी जोडतो, पण शास्त्रज्ञांना ते आधी भेटले ते पोटात. १९३० च्या दशकात इटलीतील व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांनी आतड्याच्या अस्तरातून स्नायू आकुंचित करणारा एक पदार्थ वेगळा काढला आणि त्याला ‘एन्टरामीन’ म्हटले. १९४८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी रक्तातून एक द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळवले आणि त्याचे नाव सेरोटोनिन ठेवले. ही दोन्ही द्रव्ये एकच आहेत, हे १९५२ मध्ये स्पष्ट झाले. आजही शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यातच असते. अन्न पुढे ढकलणाऱ्या लाटा, पाचकरसांचे स्रवणे आणि ‘पोटात काहीतरी बिघडले आहे’ हा मेंदूकडे जाणारा निरोप, या सर्वांत त्याचा हात असतो.

एसएसआरआय गटातील औषधे, म्हणजे सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन वगैरे, पेशींबाहेर आलेले सेरोटोनिन परत आत ओढून घेणारी यंत्रणा अडवतात. ही यंत्रणा मेंदूत आहे तशीच आतड्यातही आहे, आणि गोळीला त्या दोहोंत फरक करता येत नाही. आतड्यात सेरोटोनिन एकदम वाढले, की लाटांचा वेग वाढतो आणि पोटाकडून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूवरील ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे सेरोटोनिनचा निरोप टिपणाऱ्या जागा) चेतवले जातात. पहिल्याने जुलाब होतात, दुसऱ्याने मळमळ. काही दिवसांत हे ग्राहक वाढलेल्या पातळीला सरावतात आणि त्रास ओसरतो. पोटातला हा गोंधळ अंगावर कितीही आला, तरी ते सहसा ‘औषध मानवत नसल्याचे’ लक्षण नसते. औषध शरीरात पोहोचले आहे, एवढेच त्यावरून समजते.

जुन्या ट्रायसायक्लिक गटाची, म्हणजे अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, इमिप्रामिन यांची तऱ्हा निराळी आहे. ही औषधे ॲसिटिलकोलिन या दुसऱ्याच द्रव्याचे काम रोखतात, त्यामुळे आतड्याची हालचाल मंदावते आणि लाळ कमी होते. बद्धकोष्ठता आणि तोंडाची कोरड हे त्यांचे नेहमीचे त्रास आहेत, आणि ते एसएसआरआयच्या मळमळीसारखे आपोआप ओसरतील यावर फारसे विसंबता येत नाही. म्हणून कोणताही उपाय करण्याआधी आपली गोळी कोणत्या गटातली आहे, हे पट्टीवरचे मूळ औषधाचे नाव वाचून नक्की करावे.

पहिली पायरी: आधीचे पोट कागदावर उतरवा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात आणि पुढे तीच नडते. नैराश्य आणि चिंता यांनीही भूक मरते, पोटात गोळा येतो, मुरडा पडतो, शौचाच्या वेळा बिघडतात. गोळी सुरू होण्यापूर्वीच्या तीन-चार दिवसांची नोंद असली, तर कोणता त्रास जुना आणि कोणता गोळीचा, हे ठरवता येते. औषध सुरू होऊन आठवडा झाला असेल, तर आठवेल तेवढे आजच लिहून काढावे.

नोंद लांबलचक नको. गोळीची वेळ, त्याआधी काय खाल्ले, त्रास कधी सुरू झाला आणि कधी थांबला, दहापैकी किती, शौच किती वेळा व कसे, आणि त्या दिवशी घेतलेली इतर औषधे, एवढे पुरे. शौच कसे झाले हे सांगायला संकोच वाटत असेल, तर ब्रिस्टल मापनाचा आधार घ्यावा. त्यात शौचाचे सात प्रकार आहेत: १ म्हणजे सुट्या कडक गोळ्या, ३ आणि ४ म्हणजे नेहमीचे बांधीव शौच, ७ म्हणजे पाण्यासारखे. डॉक्टरांना ‘पोट बिघडले आहे’ यापेक्षा ‘चार दिवस रोज तीन वेळा, सहा क्रमांकाचे’ हे वाक्य कितीतरी जास्त उपयोगी पडते.

मी सर्ट्रालिन सुरू केले तेव्हाच्या वहीतले एक पान असे आहे: ‘दिवस चौथा. गोळी ७.४०, रिकाम्या पोटी, वर कॉफी. ८.२५ पासून उमासे, ७/१०. ९.३० ला थोडे कोरडे बिस्किट, दहाला ३/१०. शौच दोनदा, ६. दुपारनंतर काही नाही.’ पाचव्या दिवशी गोळी पोटभर न्याहारीनंतर घेतली आणि कॉफी अकराला. त्या दिवशीचा आकडा ४ होता. यात विशेष काही नाही, पण बदल केल्याने फरक पडला हे वहीमुळे दिसले. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा नियम पाळला नाही, तर फरक नक्की कशामुळे पडला ते दिसत नाही. मी तोच मोडला आणि एकाच दिवशी न्याहारी आणि कॉफी दोन्ही हलवली. त्यामुळे श्रेय नक्की कोणाचे, हे मला आजही सांगता येणार नाही.

दुसरी पायरी: मळमळ

सर्वांत जास्त लोकांना होणारा आणि सर्वांत जास्त लोकांना गोळी सोडायला लावणारा त्रास हाच आहे. फ्लुवोक्सामिन, व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन आणि व्हॉर्टिऑक्सेटिन यांच्या बाबतीत तो विशेष आढळतो. व्हॉर्टिऑक्सेटिनमध्ये डोस वाढेल तशी मळमळही वाढते.

पहिला उपाय जेवणानंतर गोळी घेण्याचा. बहुतेक अँटिडिप्रेसंट अन्नाबरोबर घेतल्याने त्यांचा परिणाम कमी होत नाही. व्हेन्लाफॅक्सिन तर अन्नाबरोबरच घ्यायला सांगितलेले असते, आणि व्हिलाझोडोन रिकाम्या पोटी घेतले तर ते रक्तात निम्म्याच्या आसपासच उतरते. ‘अन्नाबरोबर’ याचा अर्थ गोळीनंतर दोन घास असा नव्हे. आधी जेवण, मग गोळी आणि तिच्यावर भरपूर पाणी, असा क्रम ठेवावा. घोटभर पाण्यावर गिळलेली गोळी अन्ननलिकेत रेंगाळली, तर छातीत वेगळीच जळजळ सुरू होते. गोळी घेऊन लगेच आडवेही होऊ नये.

दुसरा उपाय वेळ बदलण्याचा. सकाळी घेतलेल्या गोळीने कामाच्या वेळेत पोट ढवळत असेल, तर ती रात्रीच्या जेवणानंतर घेतल्यास मळमळीचा जोर झोपेत निघून जातो. मात्र फ्लुओक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन ही काहींची झोप उडवणारी औषधे आहेत, त्यांची वेळ रात्रीवर नेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. सकाळवरून रात्रीवर जाताना एकाच दिवशी दोन गोळ्या पोटात जाणार नाहीत, याचेही भान हवे. बदल कोणत्या दिवशी आणि कसा करायचा, हे डॉक्टरांकडून किंवा औषधविक्रेत्याकडून एका वाक्यात विचारून घेता येते.

तिसरा उपाय खाण्याच्या पद्धतीचा. मळमळणाऱ्या माणसाला न खाणे सोपे वाटते आणि तिथेच चूक होते, कारण रिकाम्या पोटी उमासे वाढतात. दोन-तीन तासांनी थोडे थोडे, कोरडे, कमी तेला-तुपाचे आणि कमी वासाचे खावे. गरम अन्नाचा वास जास्त पसरतो, म्हणून गार किंवा कोमट अन्न पुष्कळदा चालून जाते. तेलकट अन्न जठरात जास्त वेळ पडून राहते, एवढ्यासाठीच ते टाळायचे; त्यात पथ्याचा आणखी काही गूढ अर्थ नाही. पाणी जेवताना गटागटा न पिता मधल्या वेळेत घोट घोट घ्यावे. आल्याने अनेकांना उतार पडतो; अन्नात किंवा गरम पाण्यात घालून घेतले तर हरकत नाही, परंतु रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आल्याच्या अर्काच्या कॅप्सूल परस्पर सुरू करू नयेत.

एवढे करूनही भागत नसेल, तर उपाय डोसमध्ये शोधावा लागतो, आणि तो डॉक्टरांनीच करायचा असतो. सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅमवरून ५० वर, एस्सिटालोप्राम ५ वरून १० वर, व्हेन्लाफॅक्सिन ३७.५ वरून ७५ वर, ड्युलोक्सेटिन ३० वरून ६० वर नेण्याची पद्धत पोटाला सरावायला वेळ मिळावा यासाठीच आहे. वरची पायरी झेपली नाही, तर एक पायरी खाली उतरून आठवडाभर थांबणे यात अपयश काही नाही. काही औषधे सावकाश विरघळणाऱ्या रूपातही मिळतात आणि ती पोटाला सौम्य वाटतात. पण अशी गोळी फोडून, चावून किंवा कुटून घेतली, की सावकाशपणाच संपतो. ड्युलोक्सेटिनच्या कॅप्सूलमधील बारीक दाण्यांवर जठरातील आम्लापासून वाचवणारे आवरण असते, ते चिरडू नये.

उलटी थांबवणाऱ्या गोळ्यांबद्दल मात्र जरा सावध राहावे. घरात पडून असलेली गोळी मळमळीवर घेणे स्वाभाविक वाटते, पण ऑन्डान्सेट्रॉन आणि डोम्पेरिडोन या दोन्हींचा हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होऊ शकतो, आणि सिटालोप्राम व एस्सिटालोप्राम यांचाही तसाच परिणाम असल्याने दोन्ही एकत्र आल्यास धोका वाढतो. मेटोक्लोप्रामाइडमुळे मान वाकडी होणे, जबडा आखडणे, बेचैनी असे प्रकार घडू शकतात आणि एसएसआरआयच्या जोडीला त्यांची शक्यता वाढते. ही औषधे वर्ज्य आहेत असे नाही; डॉक्टर ती विचारपूर्वक देतातही. परस्पर मात्र घेऊ नयेत.

गोळीनंतर उलटी झालीच, तर लगेच दुसरी गोळी घेऊ नये. किती गोळी शोषली गेली याचा अंदाज घरी बांधता येत नाही. शंका असेल तर विचारावे, नाहीतर पुढचा डोस नेहमीच्या वेळी, नेहमीइतकाच घ्यावा. गर्भनिरोधक गोळी चालू असेल, तर उलट्या आणि जोराच्या जुलाबांमुळे तिचा भरवसा कमी होतो, ही बाब फार कमी वेळा सांगितली जाते.

तिसरी पायरी: जुलाब

एसएसआरआयपैकी सर्ट्रालिनने पातळ शौच होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते. दिवसातून दोन-तीन वेळा सैल शौच होत असेल, अंगात ताप नसेल आणि शौचात रक्त नसेल, तर पहिले दोन आठवडे पाण्याची भरपाई करत वाट पाहणे हेच योग्य आहे. शौच पाण्यासारखे असेल तर नुसते पाणी पुरत नाही, क्षार आणि साखरही हवी. जलसंजीवनीची पुडी वर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवावी. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे ६ सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट लहान चमचा घालावा. मीठ अंदाजाने जास्त पडले तर फायद्याऐवजी अपाय होतो. लघवी फिकट पिवळी आणि नेहमीइतकी होत असेल, तर पाणी पुरेसे जात आहे असे समजावे.

या काळात कॉफी, मद्य, फार तिखट आणि फार गोड पदार्थ कमी करावेत. फ्लुवोक्सामिन घेणाऱ्यांनी कॉफीबाबत आणखी जपावे, कारण ते औषध कॅफिनचा निचरा मंदावते आणि नेहमीच्या दोन कपांचा परिणाम चार कपांसारखा होऊ शकतो. दुधाने पोट फुगत असेल तर काही दिवस ते बाजूला ठेवावे.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तोंडाला कोरड पडते म्हणून मी दिवसभर साखरविरहित च्युइंगम चघळत असे, आणि जुलाबांसाठी गोळीला दोष देत असे. अशा च्युइंगममध्ये आणि गोळ्या-चॉकलेटांमध्ये सॉर्बिटॉल असते. आतडे ते नीट शोषत नाही, आणि जास्त प्रमाणात ते रेचकाचेच काम करते. च्युइंगम दोन तुकड्यांवर आणल्यावर तीन दिवसांत पोट ताळ्यावर आले. गोळी निर्दोष होती असे मी म्हणत नाही. पण निम्मा गुन्हा तिचा नव्हता.

जुलाब थांबवणारे लोपेरामाइड प्रवास किंवा परीक्षा अशा दिवशी एखाद्या वेळी घेता येते, परंतु पट्टीवरची मर्यादा ओलांडू नये, कारण मोठ्या प्रमाणात तेही हृदयाच्या लयीला धोका पोहोचवते. ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर ते घेऊच नये. नैराश्यावरील औषधाच्या जोडीला मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम चालू असेल, तर जुलाब-उलट्यांकडे दुर्लक्ष करण्याची सोय नाही. अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले की रक्तातील लिथियमची पातळी वाढते, आणि वाढलेल्या पातळीचे लक्षणही पुन्हा उलट्या-जुलाब हेच असते. हातांचा ठळक कंप, तोल जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काही दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पाण्यासारखे जुलाब महिना उलटूनही थांबत नसतील, किंवा औषध सुरळीत मानवल्यानंतर काही महिन्यांनी नव्याने सुरू झाले असतील, तर ‘गोळीमुळेच’ म्हणून सोडून देऊ नये. मोठ्या आतड्याला येणारी एक सूक्ष्म सूज सर्ट्रालिनसारख्या औषधांशी जोडली गेली आहे. दुर्बिणीतून पाहिल्यास आतड्याचे अस्तर निरोगी दिसू शकते, निदान तुकडा काढून तपासल्यावरच होते.

चौथी पायरी: बद्धकोष्ठता

ट्रायसायक्लिक औषधे, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन यांच्या बाबतीत तक्रार बहुधा उलटी असते. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, कुंथावे लागणे, झाल्यावरही पोट मोकळे न वाटणे, ही तिची रूपे आहेत.

आधी इतर औषधांची यादी तपासावी. सर्दीवरच्या क्लोरफेनिरामीनसारख्या गोळ्या, लोह, कॅल्शियम, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, ही सगळी आतडे मंदावणारी किंवा मळ घट्ट करणारी आहेत. त्यांपैकी एखादे थांबवता आले, तर आणखी एक औषध वाढवण्याची वेळ येत नाही.

मग आहार. प्रौढाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतू लागतात. ते सालासकट फळे, भाज्या, कडधान्ये आणि अख्खी धान्ये यांतून मिळवावेत, पण एका दिवसात नव्हे. आठवडाभरात हळूहळू वाढवावेत, नाहीतर बद्धकोष्ठतेच्या जोडीला गॅस येतो. इसबगोल घेणार असाल तर ते ग्लासभर पाण्याबरोबर घ्यावे आणि इतर औषधांपासून दोन तासांचे अंतर ठेवावे. पाण्याशिवाय घेतलेले इसबगोल फुगून वाटेतच अडकू शकते. ट्रायसायक्लिक गोळ्यांनी आतडेच मंद झाले असेल, तर नुसता कोंडा भरत राहण्यापेक्षा मळात पाणी धरून ठेवणारे मॅक्रोगोल किंवा लॅक्टुलोज अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे. त्यांचा परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात, तेव्हा पहिल्याच सकाळी निराश होऊन मात्रा दुप्पट करू नये. सेन्ना किंवा बिसाकोडिल रात्री घेतले तर सकाळपर्यंत काम करते. अडलेल्या दिवशी ते ठीक आहे, पण रोज लागू लागले तर डॉक्टरांना सांगावे.

खाल्ल्यानंतर मोठे आतडे आपोआप हलते, आणि सकाळच्या न्याहारीनंतर ही हालचाल जोमदार असते. त्या वेळी दहा मिनिटे घाई न करता बसावे. कमोड असेल तर पायांखाली लहान स्टूल घेऊन गुडघे कमरेच्या वर आणावेत, कुंथू नये. रोज अर्धा तास चालण्याचा सल्ला नैराश्यातल्या माणसाला देणे सोपे आणि त्याने पाळणे कठीण, हे मला माहीत आहे. दहा मिनिटे, तेही घरातल्या घरात, चालले तरी आतड्याला ते कळते.

तोंड, छाती आणि वजनाचा काटा

कोरड्या तोंडासाठी घोट घोट पाणी आणि बर्फाचे तुकडे बरे. लाळ कमी झाली की दात लवकर किडतात, म्हणून फ्लुओराइडची पेस्ट दोनदा वापरावी. जळजळीवर ओमेप्राझोल परस्पर सुरू करू नये: ते यकृतातील एका विकराला (एन्झाइमला) अडवते आणि त्यामुळे सिटालोप्राम व एस्सिटालोप्रामची रक्तातील पातळी वाढते. दोन्ही एकत्र घ्यायची असतील तर सिटालोप्रामची कमाल मर्यादा दिवसाला २० मिलिग्रॅम धरली जाते. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी पाहावे. फ्लुओक्सेटिन व ब्युप्रोपिऑनने सुरुवातीला भूक मंदावते, तर मिर्टाझापिनने ती इतकी वाढते की रात्री उठून खाणारे लोक आहेत.

पाचवी पायरी: कोणत्या खुणा दिसल्यास थांबायचे नाही

वर सांगितलेले सगळे घरी हाताळण्यासारखे आहे. पुढचे नाही.

डांबरासारखे काळे, चिकट, घाण वासाचे शौच, किंवा रक्ताची अथवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी म्हणजे जठरात रक्तस्राव होत असण्याची शक्यता. रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांनाही (प्लेटलेट्सनाही) सेरोटोनिन लागते आणि एसएसआरआय त्यांचा साठा रिकामा करतात. त्यात आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन किंवा ॲस्पिरिनची भर पडली की धोका वाढतो. म्हणून डोकेदुखी-अंगदुखीवर शक्यतो पॅरासिटामॉल घ्यावे. ॲस्पिरिन हृदयासाठी चालू असेल तर ते मनाने बंद न करता जठराच्या संरक्षणाबद्दल विचारावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण ते चिकट आणि तसे दुर्गंधीयुक्त नसते.

जुलाबांबरोबर दरदरून घाम, थरथर, अस्वस्थता, धडधड, ताप, पाय आखडणे किंवा आपोआप झटके देणे असे घडले, तर तो सेरोटोनिनचा अतिरेक असू शकतो. डोस वाढवल्यापासून किंवा नवे औषध मिसळल्यापासून साधारण २४ तासांत तो दिसतो. ट्रामाडॉल हे वेदनाशामक, लिनेझोलिड हे प्रतिजैविक, डेक्स्ट्रोमेथॉर्फनयुक्त खोकल्याचे औषध आणि सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती, ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. ही तातडीची अवस्था आहे.

वयस्कर व्यक्तीला, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असताना, मळमळीच्या जोडीला डोकेदुखी, गोंधळलेपण किंवा तोल जाणे दिसले, तर रक्तातील सोडियम तपासून घ्यावे. ते पहिल्या काही आठवड्यांतच घसरते आणि ‘औषधाची मळमळ’ म्हणून सहज नजरेआड होते. डोळे पिवळे, लघवी गडद आणि उजव्या बरगडीखाली दुखणे हे यकृताचे संकेत आहेत. ट्रायसायक्लिक गोळ्या घेणाऱ्याचे पोट ताठ फुगले, वारा सरणे बंद झाले आणि उलट्या सुरू झाल्या, तर रेचक देत बसू नये, रुग्णालयात न्यावे.

आणि पोटाशी संबंध नसलेली एक खूण: पहिल्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतील व्यक्तीमध्ये, अस्वस्थता एकदम वाढली किंवा जीव देण्याचे विचार आले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच क्षणी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावे.

सहावी पायरी: डॉक्टरांपुढे बोलताना

‘ही गोळी मला चालत नाही’ असे म्हटले, की संवाद दोनच टोकांवर अडकतो: चालू ठेवा किंवा बंद करा. प्रत्यक्षात मधे पुष्कळ वाटा आहेत. डोस खाली आणून सावकाश वाढवता येतो, वेळ बदलता येते, गोळीचे रूप बदलता येते, थोड्या दिवसांपुरते पोटाचे औषध जोडता येते किंवा औषधच बदलता येते. मिर्टाझापिन ज्या ग्राहकांमुळे मळमळ होते त्यांनाच अडवते, त्यामुळे मळमळीने बेजार झालेल्या आणि वजन उतरलेल्या रुग्णासाठी त्याचा विचार होतो. ज्याला वजन वाढण्याची धास्ती आहे त्याला तेच औषध नको असेल. म्हणून वही दाखवून आपल्याला काय सोसवते आणि काय नाही, हे स्पष्ट सांगावे. ‘मळमळ सोसेन, पण शिकवायला उभा असताना शौचास पळावे लागले तर माझी नोकरी जाईल’ अशा एका वाक्याने औषधाची निवड बदलू शकते.

किती वाट पाहायची, याचे माझे माप असे: त्रास दर आठवड्याला थोडा तरी उतरत असेल तर चार आठवडे, दोन आठवड्यांत जराही उतरला नसेल, किंवा खाणे-पिणे आणि झोप यांवर गदा येत असेल, तर तोवरही नाही, लगेच फोन.

गोळी बंद करताना पोट पुन्हा बोलते

औषध अचानक सोडल्यास एक-दोन दिवसांत मळमळ, जुलाब, चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके आणि चिडचिड सुरू होऊ शकते. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हे जास्त घडते; फ्लुओक्सेटिन व त्यापासून बनणारे द्रव्य आठवड्यांपर्यंत रेंगाळते, म्हणून त्याच्या बाबतीत कमी. ट्रायसायक्लिक गोळ्या सोडताना आतडे जणू ब्रेक सुटल्यासारखे धावू लागते. गंमत अशी, की पोटाच्या त्रासाला कंटाळून गोळी फेकून देणाऱ्याला सोडल्यानंतरही पोटाचाच त्रास होतो, आणि तो त्याला औषधाचा उरलेला दुष्परिणाम समजतो.

डोस उतरवण्याचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि प्रत्येक पायरीनंतर वहीतल्या नोंदी पुन्हा सुरू कराव्यात. वरच्या पायऱ्या बहुधा सहज उतरता येतात. अवघड जातात त्या शेवटच्या, कारण अगदी लहान डोसही सेरोटोनिनच्या यंत्रणेचा बराच भाग अडवून धरत असतो. तिथे गोळीचे तुकडे करण्याऐवजी द्रवरूप औषध मिळते का, हे विचारावे, म्हणजे मोजून थोडे थोडे कमी करता येते. एखाद्या पायरीवर मळमळ पुन्हा उसळली, तर आधीच्या डोसवर परत जाऊन दोन-तीन आठवडे तिथेच थांबण्याची मुभा आधीच मागून ठेवावी.